कापड मळून जात नाही, धुवून जातं

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे कधी बरोबर जेवायला बसल्यावर, आणि आलं की अख्ख्या गल्लीचं धुणं एकदम निघतं. बेळगावातल्या आमच्या वडगावात घरोघरी तेच, कुणी हातातली भाकरी ताटात टाकून पळतंय, कुणी बॅरल भरतंय, आणि त्या गडबडीत चादरी, साड्या, पोरांचे युनिफॉर्म, ह्यांच्या पँटी सगळं एका टबात. कपड्यांचं वाट्टोळं तिथंच होतं बघा. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी आत्तींची (म्हणजे सासूबाईंची) नवी इरकल साडी आणि घरातले तीन पांढरे शर्ट एकत्र भिजत घातले आणि नळ जायच्या आत घागरी भरायला गेले, तासाभरानं येऊन बघते तर तिन्ही शर्ट कोकम सरबताच्या रंगाचे. आत्ती ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मी सांगतो ऐक गे, कापड मळून जात नाही, धुवून जातं." (बेळगावकडं बायका पण 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात, पुण्यामुंबईच्यांनी टायपिंग मिस्टेक समजू नका.)

त्या दिवसापासून मी एक करते, पाणी यायचा वार असेल त्याच्या आदल्या रात्रीच कपडे वेगळे करून ठेवते. पांढरे एका बाजूला, गडद आणि नवे एका बाजूला, टॉवेल-चादरी तिसरीकडं, चिखलाचे आणि डागाचे परड्यात वेगळ्या बादलीत. खिसे पण तेव्हाच तपासायचे. पेन, टिशू, आणि आमच्या भागात तंबाखूची पुडी नाहीतर चुन्याची डबी, ह्यातलं एक कायतरी निघणारच. ह्यांच्या खिशातली पुडी एकदा मशीनमध्ये फुटली, पांढरे बनियन चहाच्या रंगाचे झाले आणि घरभर निपाणीच्या वखारीचा वास. नोट गेली तर तेवढं घाबरू नका, आपली नोट कापसाची असते, धुऊन निघते, सावलीत वाळवायची बस.

आता मुख्य मुद्दा, पावडर. सगळ्यात जास्त कपडे मी पावडर कमी पडून नाही, जास्त पडून खराब झालेले बघितलेत. फेस आला की आपल्याला वाटतं धुतलं जातंय. फेसाचा आणि मळ निघायचा तसा काही संबंध नाही, आणि जी पावडर विसळून निघत नाही ती कापडातच बसते, टॉवेल पत्र्यासारखा होतो, काळे कपडे भुरकट दिसतात, पोरांच्या मानेला खाज सुटते, आणि त्या राहिलेल्या साबणाला पुढचा मळ अजून चिकटतो. मग आपण काय करतो, पुढच्या वेळी अजून एक चमचा जास्त. तुमच्या घरात असं होतंय का ते बघायला धुतलेला वाळलेला टॉवेल घ्या, बादलीभर साध्या कोमट पाण्यात टाका, साबण अजिबात नको, आणि हातानं चोळा. फेस आला तर समजा कुठं चुकतंय. तोच टॉवेल दोन-तीनदा नुसत्या पाण्यातनं काढा, मऊ होतो परत. पाकिटावर जे माप लिहिलंय तेवढंच टाका, थोडेच कपडे असतील आणि फार मळलेले नसतील तर त्याहून कमी चालतं, मी तर कमीच टाकते.

पण आपल्या भागात ह्यात अजून एक गोष्ट आहे ती म्हणजे बोअरचं पाणी. राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं नळाला येणारं पाणी वेगळं आणि बोअरचं वेगळं, एकच साबण, एकच हात, तरी कपडे वेगळे निघतात. बोअरच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, त्यालाच जड पाणी म्हणायचं. वडीचा साबण त्यात घातला की फेस होत नाही, दूध फुटल्यासारखे कण होतात, आणि ते कण जाऊन कापडात बसतात, पांढरं कापड राखी पडतं ते त्यानं. तुमचं पाणी कसं आहे ते बघायचं असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत पाऊण बाटली पाणी घ्या, अंगाच्या नाहीतर कपड्याच्या वडीचा साबण थोडा किसून टाका आणि हलवा, भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी मऊ, फेस नाही आणि पाणी नुसतं गढूळ झालं तर जड. डिटर्जंट पावडर टाकून ही परीक्षा करू नका, ती जड पाण्यात पण फेस करते, कळणार नाही.

जड पाणी असेल तर उपाय मोठा नाहीये. धुवायला बोअरचं वापरा, पावडरीनंच धुवा, वडी कॉलर-बाह्यांपुरती, आणि शेवटचं विसळणं तेवढं नळाच्या पाण्यात करा. त्यासाठी दोन बादल्या बाजूला ठेवायच्या, एवढंच. सुती पांढऱ्या कपड्यांना बादलीला एक चमचा धुण्याचा सोडा घातला तरी पाणी मऊ होतं, पण धुण्याचा सोडा हां, खायचा नाही, आणि रेशीम-लोकरीला तो अजिबात लावायचा नाही, कापडाची ताकद जाते. आणि पावसाळ्यात तर आपल्याला फुकटचं मऊ पाणी मिळतं की! आत्ती पन्हळीखाली बॅरल लावतात, पहिल्या एकदोन पावसाचं सोडून देतात कारण कौलांवरची सगळी घाण येते, आणि मग पांढरी धोतरं नि ब्लाऊज त्या पाण्यात. मी आधी हसायची. आता मीच बॅरल धरून उभी असते.

भिजत घालणं. रात्री भिजवून सकाळी धुवायची सवय असेल तर सोडा. अर्धा तास पुरतो, टेरिकॉटला पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर निघालेला मळ त्याच पाण्यात फिरत राहतो आणि परत कापडावर बसतो, वर उन्हाळा असेल तर सकाळपर्यंत वास. रंगीत सुती कपडे तर भिजवायचेच नाहीत, पाण्यात घाला, धुवा, काढा.

रंग जायच्या बाबतीत मिठाचं एक आहे, सगळ्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणजे रंग पक्का होतो. मी पण कितीतरी वर्षं केलं. मीठ रंगारी वापरतात खरं, पण ते रंगवताना, रंग पाण्यातनं सुतात ओढला जावा म्हणून. एकदा कापड तयार होऊन दुकानात आलं की घरच्या मिठानं काही पक्कं होत नाही, व्हिनेगरनं पण नाही. कच्चा रंग तो कच्चाच. त्यापेक्षा कापडाचा आतला एक कोपरा ओला करा, पांढऱ्या रुमालात धरून दाबा, रुमालाला रंग लागला तर ते कापड दर वेळी एकटंच, थंड पाण्यात, दोन मिनिटांत. आणि चुकून लागलाच रंग दुसऱ्या कपड्याला तर एकच नियम, वाळू द्यायचं नाही. ओलं असतानाच लगेच थंड पाण्यात परत परत काढायचं, पाणी नितळ येईपर्यंत. वाळलं आणि वरनं इस्त्री फिरवली की मग झालं. माझे ते तीन शर्ट मी रडत रडत वाळत घातले होते म्हणूनच गेले, नाहीतर निदान दोन तरी वाचले असते.

इरकलीचं तर वेगळंच सांगायला पाहिजे कारण आपल्याकडं प्रत्येक घरात एक तरी असतेच, शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची असो नाहीतर इथं कुठं विणलेली. पारंपरिक इरकलीत अंग आणि पदर वेगवेगळ्या ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) असतात, एकमेकात फासे अडकवून जोडलेले, त्याला टोप-तेनी म्हणतात, आणि अंग सुती असलं तरी पदर रेशमी असतो, बहुतेक लालभडक. म्हणजे एकाच साडीत दोन स्वभाव. सगळी साडी बोळा करून टबात घातली की पदराचा लाल अंगावर उतरतो. पदर गोळा करून बाहेर ठेवायचा, आधी अंग थंड पाण्यात धुवायचं, मग पदर वेगळ्या पाण्यात नुसता खळबळून काढायचा, ब्रश नको, पिळायचं नाही, दोन टॉवेलांत दाबून पाणी काढायचं आणि लगेच सावलीत पसरायचं. ओल्या साडीची घडी घालून "जरा वेळानं वाळत घालते" म्हणून बादलीच्या कडेला ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पूर्ण रेशमी असेल तर पहिली एक-दोन वेळ ड्रायक्लीनला द्या, तेवढे पैसे जाऊ देत.

डागांत मला सगळ्यात जास्त विचारतात ते हळदीचं. आपल्याकडं तर काय, सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन या, नाहीतर चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला, येताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत भंडाऱ्यात. घरी आल्यावर घाईनं साबण लावला की पिवळा डाग लाल होतो आणि बाया घाबरतात, आता काय झालं म्हणून. काही झालेलं नसतं. हळदीतला जो पिवळा रंग आहे तो साबणासारख्या, सोड्यासारख्या क्षारात लाल होतो, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते ह्याच गुणावर. पाण्यानं साबण निघून गेला की परत पिवळा होतो, वरनं लिंबू पिळलं तर डोळ्यादेखत. तर करायचं काय, आधी कोरडं झटकायचं, मग नुसत्या थंड पाण्यात पिवळं पाणी निघून जाईपर्यंत काढायचं, मग साबण, आणि राहिलेला डाग ओला असतानाच कडक उन्हात. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही, दोन-तीन उन्हं दिली की पांढऱ्या कापडावरनं बहुतेक जातो. तांबड्या रश्श्याचा डाग असेल तर त्यात तेल पण असतं, म्हणून आधी भांड्याचं लिक्विड लावून दहा मिनिटं ठेवा, तेल सुटल्याशिवाय हळद सुटत नाही.

रक्त, दूध, अंडं ह्यांना गरम पाणी लावायचं नाही. गरम पाण्यात अंडं जसं घट्ट होतं तसं ते कापडात घट्ट होतं, मग जन्मात निघत नाही. थंड पाणी, आणि लगेच. बॉलपेनला स्पिरिट नाहीतर सॅनिटायझर, डागाखाली जुना कपडा ठेवून वरनं कापसानं टिपत जायचं, चोळलं तर पसरतो.

चिखलाचं मात्र उलटं, लगेच धुवायचं नाही. खानापूरकडची लाल माती असो नाहीतर गोकाक-अथणीकडची काळी, ओल्या चिखलाला पाणी लावून चोळलं की ती बारीक माती सुतात आत जाऊन बसते. वाळू द्या पूर्ण, मग खळखळून झटका, सुका ब्रश मारा, निम्मी माती तिथंच पडते. लाल मातीचं अजून एक म्हणजे तिचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, त्यावर ब्लीच घातलं तर निघत तर नाहीच, कधी कधी अजून पक्का होतो. राहिलेल्या लालसर डागाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, अर्ध्या तासानं धुवा, पांढऱ्यालाच हां, रंगीतावर आधी आतल्या बाजूला करून बघा. हाच उपाय तारेच्या गंजाच्या डागाला. वाळत घालायला बांधकामाची बाइंडिंग वायर वापरणारे आमच्या गल्लीत अजून आहेत, दर पावसात प्रत्येक शर्टावर एक तपकिरी रेघ, तरी नायलॉनची दोरी आणत नाहीत.

उद्यमबागच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या घरी ग्रीसचा त्रास. ते कपडे कधीच बाकीच्यांत टाकू नका. भांड्याचं लिक्विड कोरड्या डागावर लावायचं, पाणी न लावता, चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग गरम पाणी. रॉकेल-पेट्रोल लावून काढायची जुनी पद्धत आहे माहितेय, पण तसला कपडा मशीनमध्ये घालायचा नाही, पेट घेऊ शकतो.

आणि ब्लीचचं एक गांभीर्यानं सांगते. पांढरे कपडे करायचं क्लोरीनचं ब्लीच आणि मोरी-संडास घासायचं अ‍ॅसिड हे कधीही एकत्र करायचं नाही, एकाच मोरीत एकामागोमाग ओतायचं पण नाही, त्यातनं विषारी क्लोरीन वायू निघतो. लहान बंद बाथरूममध्ये तर फारच धोका. लिंबू-व्हिनेगर पण ब्लीचबरोबर नको. वास आला, डोळे चुरचुरले की सोडून बाहेर या, दार उघडं ठेवा, भांडी उचलायला थांबू नका. रेशीम, लोकर, इलॅस्टिक ह्यांना ब्लीच लावायचंच नाही, सुतीला पण थोडंच, भरपूर पाण्यात मिसळून, रोज नाही, सूत विरतं.

नीळ सरळ कपड्यावर ओतली की डाग पडणारच, आधी बादलीभर पाण्यात ढवळा, मग कपडा एकदम पूर्ण बुडवा.

मशीनवाल्यांनी दोन-तीन गोष्टी बघा. ड्रम ठासून भरू नका, कपडे टाकल्यावर वर हात आडवा घालता आला पाहिजे, नाहीतर कपडे फिरतच नाहीत, नुसते भिजतात. फ्रंट लोडला त्याचीच पावडर, हाताच्या धुण्याची टाकली तर फेस मावत नाही. चेन लावा, बटणं सोडा, जीन्स उलटी करा, ब्लाऊजचे हुक लावा नाहीतर एक हुक चार साड्यांचे धागे ओढतो. धुणं झालं की कपडे लगेच काढायचे आणि दार उघडं ठेवायचं, रबराच्या कडेत साचलेलं पाणी पुसायचं. टॉवेलना ते कंडिशनर नको, मऊ लागतात पण पाणी टिपत नाहीत, मग अंग पुसायचं कशानं.

आता वाळवणं, आणि जून ते सप्टेंबर बेळगावात राहिलेल्याला हे सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडं तर आठ-आठ दिवस ऊन नाही. कुबट वास पावडर कमी पडल्यामुळं येत नाही, कापड तासन् तास ओलं राहिल्यामुळं त्यात जंतू वाढतात म्हणून येतो. म्हणजे अत्तर मारून उपयोग नाही, लवकर वाळवायला पाहिजे. स्पिन दोनदा करा. एका दोरीवर कपड्यावर कपडा नको, मध्ये चार बोटं जागा ठेवा, जीन्स कमरेकडनं गोल उघडी टांगा म्हणजे आतनं वारा जातो, खाली पंखा लावा आणि एक खिडकी उघडी ठेवा, सगळं बंद करून पंखा लावला तर ओल घरातच फिरते आणि भिंतीला बुरशी येते. थोडं दमट राहिलं तर इस्त्री मारा, पण इस्त्रीनंतर गरम असतानाच घडी करून कपाटात नको, अर्धा तास टांगून ठेवा. पूर्वी आमच्या माहेरी खानापूरला चुलीवरच्या माळ्याला दोरी असायची, कपडे वाळायचे झकास, पण शाळेत गेलं की बाई विचारायच्या, काय गे, आज काय भाजलीस?

उन्हाळ्यात मग उलटं, पांढरं कडक उन्हात चालतं, काळं-रंगीत उलटं करून सावलीत.

सुती साड्यांना खळ देत असाल तर भाताची पेज गाळून घ्या, गाठी राहिल्या तर इस्त्रीखाली पिवळे ठिपके येतात. आणि वर्षभर ठेवायच्या साडीला खळ ठेवायची नाही, धुवून काढून मगच पेटीत, कसर लागते पेजेला. आमच्या आज्जीची एक शहापुरी साडी अशीच गेली, घडीवर घडी भोकं.

घोंगडं बरेच जण विचारतात. शक्यतो धुवूच नका, उन्हात झटका. धुवायचंच झालं तर थंड पाणी, रिठ्याचं पाणी, चोळणं नाही, पिळणं नाही, मशीन तर नाहीच, लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. भिजलेलं घोंगडं दोरीवर टांगलं तर वजनानं लांबतं, म्हणून कट्ट्यावर आडवं पसरायचं. आमच्या दिरानं गेल्या वर्षी मामंजींचं घोंगडं मशीनमध्ये गरम पाण्यावर लावलं, आता ते कुत्र्याच्या खोपटात आहे, कुत्र्याला बरोबर होतंय.